फटफटीला दिलेलं आवतण

“लोखंडाला कसला आलाय पोळा, आबा?”

“लोखंडले नही. मी जिले आवतन देल शे, तिले.”

“बरं, तिला. मग तिचा कान कुठे आहे तेवढा दाखव. मी कानात सांगतो, बाई, आबांचं चुकलं, मोठ्या मनाने सोडून दे.”

“आवतन देल ते देल. परत लेता येत नही.”

“पण तू भानावर नव्हतास.”

“मी भानवर व्हतू. हसनारा तू व्हता.”

हबीब मिस्त्रीने हातातला पाना ओसरीच्या फरशीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. श्रावणातल्या अमावस्येची, शनिवारची सकाळ होती. धुळ्याच्या धर्मशाळेबाहेर पाऊस असा पडत होता की समोरचं पिंपळाचं झाड अर्धंच दिसत होतं. ओसरीच्या मधोमध फटफटी उभी होती. तिच्या हँडलला हळद आणि लोणी माखलेलं होतं, आणि त्या लोण्यावर रात्रीत दोन मुंगळे चढून बसले होते.

“आज सूर्य मावळायच्या आत गाडीने अख्खी फेरी मारून दाखवली नाही, तर उद्या शर्यतीत उभी करणार नाहीत,” हबीब म्हणाला. “हे तुला कळतंय ना?”

“कळस.”

“आणि उद्या उभी राहिली नाही, तर मंगळवारी हेडी जोडी घेऊन जाईल. हेही कळतंय?”

सुपडूने मान खाली घातली. “बठ्ठं कळस, मिस्तरी. पन आज तिले जुंपानं नही.”

सुपडू अमळनेरचा. बन्सीलाल शेठच्या जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तो वीस वर्षं गाडीवान होता. आधीची तीन मुलं गेली म्हणून आईने याला जन्मल्याबरोबर सुपात घालून उंबऱ्यावरून ओढला होता. त्यावरून नाव सुपडू. पंचावन्नाच्या आसपासचा, उंच, खांद्यात जरा वाकलेला. बोलायचा कमी आणि बोलायचा ते बहुतेक चांद्या आणि हौशा या आपल्या बैलांशी. पारोळ्याच्या बाजारातून येताना तो गाडीत झोपून जाई आणि बैल त्याला जिनच्या फाटकाशी आणून उभे करत. मग फाटकवाला हाक मारायचा, “आबा, उठा. बैलांनी पोचवलं तुम्हाला.” पावसाळ्यात जोडे काढून तो कमरेला बांधायचा. वाट तळव्याला कळली पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. डोळ्यांना काय, डोळे फसतात.

बैल शेठचे होते आणि त्यांचं वय झालं होतं. यंदाच्या हंगामात कापसाच्या गाठी ओढायला नवी जोडी आणायची आणि जुनी मंगळवारी हेडीला द्यायची असं ठरलं. गुरांचा हा व्यापारी एकदा जनावर घेऊन गेला की ते पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नसे. सुपडूने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शेठच्या गादीसमोर जाऊन उभा राहिला.

“शेठजी, ती जोडी माले द्या.”

“तुला? म्हातारे बैल घेऊन काय करणार तू?”

“काही नही. बांधसू.”

शेठ हसायला लागले. त्या दिवशी ते खुशीत होते. खान्देशातल्या मोटारसायकलवाल्यांनी मिळून चांदीची एक ढाल ठेवली होती. जळगाव, अमळनेर, धुळे अशा तीन ठिकाणी शर्यती व्हायच्या आणि धुळ्याची फेरी आठवड्यावर आली होती. शेठची फटफटी जुनी, पहिल्या महायुद्धातून उरलेली. त्यांनी ती स्वतःसाठी घेतली होती. पण दुसऱ्याच दिवशी भर बाजारात भेंडीच्या ढिगात जाऊन बसल्यावर जिनचा कारकून पंडित याच्या हवाली केली. पंडित तेवीस वर्षांचा, चष्मेवाला, दप्तरात अगदी नीटनेटका. फटफटीवर बसला की मात्र त्याच्या अंगात काहीतरी संचारायचं.

“असं कर,” शेठ म्हणाले, “संघात तीन माणसं लागतात. चालवायला पंडित, दुरुस्तीला हबीब मिस्त्री, आणि ढकलायला तू जा. पावसाळ्यात जिन बंदच आहे. फटफटी पहिल्या तिनांत आली, तर जोडी तुझी.”

शेठने हे चारचौघांत म्हटलं होतं. म्हणून सुपडू धुळ्याला आला होता, वीस वर्षांत पहिल्यांदाच पोळ्याला बैलांपासून लांब. घरी भागाबाई, त्याची बायको, बैलांचं सगळं करणार होती. तिने गाठोड्यात चांद्याची घुंगरमाळ घातली होती, तिची तुटलेली कडी धुळ्याच्या तांबटाकडून सांधून आणायला.

आता कालच्या, शुक्रवारच्या संध्याकाळचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, तो खांदा हळद-लोण्याने चोळायचा आणि बैलाच्या कानाशी लागून म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी तो पाहुणा. त्याला जुंपायचं नाही, त्याच्यावर बसायचं नाही, त्याला मारायचं नाही. सुपडूचे पाय संध्याकाळी आपोआप गवळ्याकडे गेले. लोण्याचा गोळा तळहातावर घेऊन तो धर्मशाळेत आला, ओसरीवर बसला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इथे खांदाच नाही.

लोणी बोटांमधून वितळायला लागलं. समोर फटफटी होती. बावीस मैल चिखलातून आलेली, अंगावर राप चढलेला, मान एका बाजूला टाकून उभी. सुपडूने तिच्या हँडलवर हात ठेवला, लोणी चोळायला सुरुवात केली, आणि वीस वर्षांच्या सवयीने ते शब्द तोंडातून बाहेर पडले.

हबीब हे बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. सकाळ झाल्यावर त्याचं हसू गेलं.

“मिस्तरी,” सुपडू आता म्हणाला, “तू सांग. मी आज तिले जुंपं आनि उद्या त्या दोन्हीसले घर लई गऊ. मी त्यास्ना कानमा पुढल्या वरीसले काय सांगू? तुम्हले लेवाकरता आवतन मोडं, आते पुन्हा आवतन ल्या, आसं?”

हबीबने फरशीवरचा पाना उचलला आणि परत ठेवला. तो अमळनेरच्या सगळ्या इंजिनांचा डॉक्टर होता, पण यावर त्याच्याकडे पाना नव्हता.

“बैल तिकडे अमळनेरला बसलेत, आबा. त्यांना कोण सांगणार आहे?”

“मी सांगसू ना. मी त्यासले बठ्ठंच सांगस.”

एवढ्यात पंडित आतून आला. दात घासत घासत त्याने सगळं ऐकलं होतं.

“आबा, पोळ्याला बैल दिवसभर गोठ्यातच ठेवतात का?”

“नही. मिरवतस ना.”

“म्हणजे चालवतात.”

“हातमा कासरा धरीसन. तो पुढे, आपन संगे. वाजत-गाजत.”

“किती लांब?”

“गावले फेरा मारस. तोरनखालथून काढतस.”

पंडितने चूळ भरली, तोंड पुसलं, आणि हबीबकडे बघितलं. हबीबने पंडितकडे बघितलं.

“चार मैल आहे ती फेरी,” हबीब म्हणाला.

“चार मैलच तर आहे.”

“तिचं वजन माहीत आहे तुला? वर हा पाऊस. माझे गुडघे बघ, माझं वय बघ.”

“मिस्त्री, तुम्हीच काल सांगत होतात की गाडी ढकलत तुम्ही एकदा बोरी नदी ओलांडली होती.”

“ते मी सांगत होतो. ते केलं होतं असं कुठे म्हणालो?”

मैदानावर तंबूत शर्यतीचे पंच, निवृत्त ओव्हरसियरसाहेब, नियमांची वही मेणकापडात गुंडाळून बसले होते. पंडितने अडचण सांगितली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणजे इंजिन चालू करणार नाही?”

“आज नाही, साहेब. उद्या करू.”

“मग फेरी कशी मारणार?”

“मिरवत.”

तंबूत नाशिकचा संघ बसला होता. त्यांच्या गाड्या नव्या, कोट रबरी, आणि सोबत चहाचा थर्मास. त्यांच्यातला एकजण म्हणाला, “मिस्त्री, पेट्रोल संपलं असेल तर आमच्याकडून घ्या.”

“पेट्रोल भरपूर आहे,” हबीब म्हणाला. “आज तिला सुट्टी आहे. तुमच्या गाडीला वर्षात एकदाही सुट्टी देत नाही तुम्ही? म्हणूनच ती खोकते.”

ओव्हरसियरसाहेबांनी वही पुढून मागे आणि मागून पुढे वाचली. गाडी, स्वार, पूर्ण फेरी, सूर्यास्त, एवढंच त्यात होतं, इंजिनाचा शब्द नव्हता. मग ते सुपडूकडे वळले. “कुठलं गाव?”

“अमळनेर, साहेब.”

“आमच्या घरीही दोन जोड्या आहेत. आज मी इथे बसलोय, नोकर मिरवणार.” त्यांनी वही मिटली. “जा. पण फेरी पूर्ण झाली पाहिजे. मध्येच शेतातून आडवी वाट काढाल तर मी छत्री घेऊन मागून येतोय.”

दुपारी पाऊस जरा कमी झाला तशी मिरवणूक निघाली. सुपडूने फटफटीला धुतलं, पाठीवर झूल म्हणून आपलं लाल उपरणं टाकलं, हँडलच्या दोन्ही टोकांना बेगड चिकटवली आणि मधे चांद्याची सांधलेली घुंगरमाळ बांधली. हबीबने इंजिनात वंगणाचं ताजं एरंडेल ओतलं. “हे घे तुझं पुरण,” तो म्हणाला. “पोळी उद्या.” पुढे सुपडू, हातात कासरा, अनवाणी. मागून पंडित आणि हबीब ढकलताहेत. धर्मशाळेजवळचा चिंधा डफवाला बैल मिरवून नुकताच परतला होता. हे बघून तो डफ शेकून पुन्हा पुढे झाला. सगळ्यांच्या मागे ओव्हरसियरसाहेब, छत्रीखाली, अतिशय गंभीर चेहऱ्याने.

“याला शिंगं कुठायत हो?” वाटेवरच्या एका बाईने विचारलं.

“बेगड लावलीय ती शिंगंच आहेत, अक्का,” पंडित म्हणाला.

“आनि शेपूट?”

“शेपूट मागे ढकलतंय,” हबीब धापा टाकत म्हणाला.

बाई हसता हसता आत गेली आणि कुंकू घेऊन आली. नंतर प्रत्येक दारात फटफटी थांबली.

पहिला मैल मुरमाचा होता, तिथे सोपं गेलं. मग नाला लागला आणि नाल्यापलीकडे कपाशीच्या शेतांमधून काळ्या मातीची गाडीवाट. तिथे चिंधाचा डफ बंद पडला, कारण चिंधालाही हात लावावा लागला. चाक दहा पावलं फिरे आणि थांबे. चिखलाने चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट शिरेना. हबीब काडीने चिखल काढी, दहा पावलं, पुन्हा तेच. सुपडू मात्र पुढे जाऊन एकेका जागी उभा राहत होता. अंगठा मातीत रुतवायचा, टाच फिरवायची, सरकायचं. एका बाजूला वाट उंच आणि कोरडी दिसत होती. दुसऱ्या बाजूला चाकोरीतून पोटरीएवढं लालसर पाणी वाहत होतं. सुपडूने कासरा ओढला आणि फटफटी त्या पाण्यात उतरवली.

“अरे, इंजिन भिजेल,” हबीब ओरडला.

“आज कोठे ते चालू शे?”

आणि चाक फिरायला लागलं. पाण्याने चिखल धुवून नेला. खाली नाल्याची जुनी वाळू होती, कडक. बाभळींच्या रांगेपर्यंत ते एकदाही न थांबता गेले.

“मडगार्ड काढी टाक, मिस्तरी,” सुपडू म्हणाला. “आनि पंडित, तू ध्यान दे. पानी जठे वाही रायनं, तठेच तुन्ही वाट. कोरडं दिसस तठे जाऊ नको. ते कोरडं नही, ते चिकट शे. पाऊस थांबना तं आनखी चिकट व्हयी.”

सूर्य मावळायला घटकाभर असताना ते मैदानात परतले. ओव्हरसियरसाहेबांनी वहीत खूण केली, आणि मग आपणच दोन बांबूंना आंब्याचा टहाळा बांधून तोरण धरलं, म्हणजे फटफटीला खालून जाता यावं.

रात्री हबीब गुडघ्यांना तेल चोळत म्हणाला, “उद्या कुणाचं काही व्रत नाही ना? आधीच सांगून ठेवा.”

रविवारी सकाळी ऊन पडलं. सगळे संघ खूश झाले, नाशिकवाल्यांनी रबरी कोट काढून ठेवले. एकटा सुपडू आभाळाकडे बघून तोंड वाकडं करत होता. हबीबने मडगार्ड काढली, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला मेणकापड बांधलं, मग घुंगरमाळ सोडायला हात घातला.

“राहू दे,” सुपडू म्हणाला.

“शर्यतीत घुंगरू? लोक काय म्हणतील?”

“काल त्यास्नी काय म्हनानं बाकी ठेवं?”

माळ राहिली.

सात गाड्या, तीन फेऱ्या. सुरुवातीला सगळ्या एकदम ओरडत सुटल्या आणि नाल्याच्या वळणावर दिसेनाशा झाल्या. मग मैदानात उभ्या असलेल्यांना नुसता आवाज. आवाज दूर गेला, तुटला, एक-एक करून बंद पडत गेला, मधेच कुठलं तरी इंजिन रडल्यासारखं वाजलं. पहिल्या फेरीअखेर नाशिकचा एक आला, धुळ्याचा एक आला, मग आणखी तीन, आणि सगळ्यांत शेवटी पंडित. चष्मा कपाळावर, हातांना कोपरापर्यंत काळी माती. एक गाडी परतलीच नव्हती.

“हा कोरड्यातून गेला,” हबीब कळवळून म्हणाला. “एवढं सांगून कोरड्यातून गेला.”

पंडित समोरून जाताना सुपडूने एकच शब्द टाकला. “पानी.”

हाक मोठी नव्हती, पण पंडितला ती पोचली असावी, कारण वळणावर त्याने एकदा मागे बघितलं.

दुसऱ्या फेरीला ऊन आणखी तापलं आणि गाडीवाटेची कोरडी बाजू डिंकासारखी झाली. आता पंडित पाचवा होता. तिसऱ्या फेरीला गाड्या दिसेनाशा झाल्या तेव्हा सुपडू तंबूपासून लांब, दोरीच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. हबीब त्याच्यापाशी गेला.

“काय करतोस?”

“ऐकस.”

नाशिकचा आला. लोकांनी टोप्या उडवल्या. बऱ्याच वेळाने धुळ्याचा आला, एका पायाने ढकलत. मग काहीच नाही. हबीब पायावर पाय चोळत राहिला. मग दोन आवाज एकदमच वर आले, एकात एक गुंतलेले. बाभळींच्या मागे कोण आहे ते कुणालाच दिसेना.

“कोण आहे, आबा? पुढे कोण आहे?”

सुपडूचे डोळे अजून मिटलेलेच होते. त्या दोन फटफटाटांच्या खालून बारीक, ओळखीचं काहीतरी वाजत होतं. पारोळ्याच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं ज्याच्या भरवशावर तो झोपला होता, ते.

“आपली शे,” तो म्हणाला. “आपली पुढे शे.”

वळणावरून आधी बेगड चमकली. पंडित तिसरा आला, चार हात पुढे. गाडीवरून उतरला आणि तिथेच चिखलात बसला. “आबा, पाण्याखाली वाळू लागली हो. कालच्या जागीच लागली.” हबीब फटफटीपाशी जाऊन तिच्या तापलेल्या इंजिनाला न शिवता नुसता हात हलवत राहिला, जेवून उठलेल्या पाहुण्याला विचारावं तसा. “पोट भरलं का, बाई?”

सोमवारी दुपारी अमळनेरला जिनच्या अंगणात शेठ स्वतः बाहेर आले. फटफटी छपराखाली उभी होती. सुपडू गोठ्यात शिरला आणि दावी सोडू लागला. भागाबाई फाटकाशी पदरात काहीतरी झाकून उभी होती. ती दोन दिवसांपूर्वीची पुरणपोळी होती, सुपडूच्या हातून बैलांना द्यायची म्हणून ठेवलेली.

“तिसरा नंबर,” शेठ म्हणाले. “मी पहिल्या तिनांत म्हटलं होतं, खरं आहे. शब्द म्हणजे शब्द. पण सुपडू, बस जरा. बोलू.”

सुपडू हौशाचं दावं सोडत होता.

“ओव्हरसियरसाहेबांनी पंडितबरोबर पत्र धाडलंय मला. फेरीबद्दल, तोरणाबद्दल, सगळं लिहिलंय. अरे, दिवाळीनंतर जळगावची फेरी आहे. तुझ्यासारखा वाट ओळखणारा माणूस मला दुसरा कुठे मिळणार? बैलांचं काय घेऊन बसलास? तुला फटफटीचा माणूस करतो. टोपी देतो, बिल्ला देतो.”

“शेठजी, टोपी आबांच्या डोक्यावर राहायची नाही,” छपराखालून हबीब म्हणाला.

“तू गप्प बस, मिस्त्री. सुपडू, तुझ्या अंगणात यांना बांधायला जागा तरी आहे का?”

सुपडूने चांद्याच्या मानेवरून हात फिरवला. जिथे जू बसायचं तिथली कातडी अजून हळदीने पिवळी होती. भागाबाईने नीट चोळली होती. चांद्याचा गळा मोकळा होता. शेठचं तिकडे लक्ष नव्हतं. हबीबने मात्र फटफटीच्या हँडलकडे बघितलं, तिथे चांद्याची घुंगरमाळ सुपडूने न सोडता तशीच ठेवली होती, आणि तो गालातल्या गालात हसला.

“अरे, जळगावला येशील की नाही, तेवढं तरी सांग,” शेठ म्हणाले.

सुपडूने जोडे काढून कमरेला बांधले, दोन्ही कासरे एका हातात घेतले आणि फाटकातून बाहेर पडला. चांद्या आणि हौशा, खांदे मोकळे, त्याच्या मागून चालत गेले.